थेरपीचा मी सांगितलेला अर्थ

नागूआत्या मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिचं म्हणणं खरं निघणार आहे, आणि तिथे पोचल्यावर माझी लेखणी हळवी होऊन माझी तिच्यावर माया होती असं काहीतरी लिहून बसेल. माया नव्हती. तिचा फाटका आवाज, तिच्या अंगाचा करडईच्या तेलाचा वास, जेवताना बोटं चाटायची तिची सवय, यातलं काहीच मला सहन होत नसे. ती माझ्या अप्पांची थोरली बहीण. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे दुकानांच्या पाट्या कन्नड व्हायला लागतात, तिथल्या एका गावात तिला दिलेली. नवऱ्याने दुसरी बायको केली, पण खाटेवर पडलेल्या आईचं करायला हिला ठेवून घेतलं. सात वर्षांनी सासू गेली आणि हिची गरज संपली. मग एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती भवानी पेठेत आमच्या घरी आली, आणि आल्या दिवशीच अव्वाने केलेल्या आमटीत तिने वरून मीठ घातलं. अव्वा म्हणजे माझी आई. तिने ते मीठ मरेपर्यंत लक्षात ठेवलं.

आमचं घर म्हणजे पुढे मागांची खोली, मधे एक अंधारी खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत चादरींचे दोन हातमाग, त्यामुळे घरात मोठ्याने बोलायची सवय सगळ्यांनाच. गल्लीतही घरोघर माग. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की एकेक माग सुरू होई आणि खटक-खटक असा आवाज भिंतीतून, जमिनीतून, पाण्याच्या घागरीतूनही ऐकू येई. घरात आम्ही कन्नड-मराठीची भेसळ बोलत असू. अव्वा करकंबची, तिची भाषा वेगळी. शेजारी तेलुगू बोलणारे. दुष्काळाची वर्षं होती, रेशनवर लाल मिलो मिळे. त्या ज्वारीची भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की तुटायची नाही. शेंगाची चटणी मात्र असे. उखळात मुसळाखाली शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत अव्वा आणि आत्या आळीपाळीने कुटत. एकमेकींशी अबोला असतानासुद्धा मुसळाचा ताल चुकत नसे. दोघी एकत्र नीट करू शकत अशी ती एकच गोष्ट.

अप्पांना झटका आला तो मागावरच. त्यांनी धोटा फेकला आणि सूत ठोकायची फणी ओढायला डावा हात उठलाच नाही. ते त्या हाताकडे बघत राहिले, जसं काही शेजारच्याने आपलं काम केलं नाही. पाय महिन्याभरात थोडा परतला, काठी घेऊन मोरीपर्यंत जाता येऊ लागलं. जीभ जड झाली. हात मात्र मेला. सुरुवातीला तो लोंबत असे, मग हळूहळू कोपरात वाकायला लागला आणि बोटं तळव्याकडे वळू लागली.

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने भस्म लावायचं, पाणी घालायचं, फूल वाहायचं. डाव्या हाताचं काम एवढंच, की धरून राहायचं. अप्पांचा तो धरायचा हातच गेला. मोठे देवभक्त होते असं नाही. पण लहानपणापासून कधी त्यांचा नेम चुकला नव्हता, आणि आता रोज सकाळी लिंग तळव्यावर ठेवलं की बोटं त्याच्याभोवती आवळत, किंवा ते घरंगळून मांडीवर पडे. अप्पा रडत. झटक्यानंतर माणूस लवकर रडतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला त्या रडण्याची लाज वाटे. अव्वाने तोडगा काढला. पितळी वाटीत लिंग ठेवून ती वाटी ती स्वतः त्यांच्यापुढे धरून बसू लागली.

नागूआत्याने ते बघितलं आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "वाटीत घालून ठिवायला ते काय लोणचं हाय?"

"मग काय करू? हात उघडतो का त्यांचा?" अव्वा म्हणाली.

"न्हाय उघडत. तू चारतीस, तू न्हाऊ घालतीस, तू गुंडी लावतीस. हातानं उघडावं कशापायी? त्याला काय काम ठिवलंयस तू?"

"नवऱ्याला चारलं तर तुमचं काय गेलं, वन्सं?"

"माजं न्हाय गेलं. त्याचं जाईल. माज्या सासूला पयल्या वर्साला मीबी आसंच लई मायेनं चारलं. हात गेला. मग सा वर्सं त्या हातानं मला शिकवलं."

हे तिचं सगळं वैद्यकशास्त्र. दुसऱ्या दिवसापासून तिने अप्पांचा ताबा घेतला. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, मग करडईचं तेल लावून एकेक बोट उघडायचं आणि तिचे शंभर होईपर्यंत उघडं धरायचं. ती कन्नडमध्ये मोजत असे. मग पितळी परातीत मिलोचे दाणे पसरायचे आणि डाव्या हाताने एकेक दाणा उचलून वाटीत टाकायला लावायचं. "खायाला न्हाय तर न्हाय, याला तरी उपयोग हाय की या भिकार जोंधळ्याचा." दुपारी ती रहाटावर बसे. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती बायका घरी रहाटावर भरतात. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. चाक आत्या फिरवी आणि सूत अप्पांच्या डाव्या हाताच्या बोटांतून नेई. बोटं सुटली की सूत गुंतून कांडी बिघडे, आणि आत्या त्यांना शिव्या घाली. भाऊ म्हणून नव्हे, कामाला ठेवलेल्या माणसाला घालाव्या तशा. "हिडी, हिडी, बिडब्याड," असं दुपारभर चाले. धर, धर, सोडू नको. आजही सूत विकणाऱ्या दुकानावरून गेले की मला तो आवाज येतो, आणि मी वाट बदलते.

अप्पा अर्थात उजवा हात पुढे करत. ज्याला चालता हात आहे तो मेलेला कशाला वापरेल? आत्या त्या उजव्या हातावर लाकडी उलथनं मारी. तरी ऐकेनात, तेव्हा एके दिवशी तिने चादरीची फाडलेली किनार घेतली आणि अप्पांचा उजवा हात मागाच्या खांबाला बांधून टाकला. मी कॉलेजातून आले तेव्हा दार उघडं होतं आणि गल्लीतल्या दोन बायका पदर तोंडाला लावून आत बघत होत्या. अप्पा खांबाला बांधलेले, नाकातोंडातून पाणी गळतंय, डाव्या हाताची दोन बोटं परातीतल्या दाण्याशी झटतायत, आणि आत्या समोर बसून तंबाखू मळतेय. माझ्याबरोबर कॉलेजातली मैत्रीण होती, शुक्रवार पेठेतली, डॉक्टरांच्या घरातली. पुस्तक न्यायला आली होती. आत्याने तिला नखशिखांत पाहिलं आणि मला म्हणाली, "भांडं भरलंय अप्पाचं. ते ओतून ये, मग पुस्तक दे." मैत्रीण दारातूनच परतली. ते भांडं मी ओतलं, आणि ओतताना आत्याच्या मरणाची मनात नीट कल्पना करून पाहिली.

अव्वा त्या दिवशी बाजारातून आली, तिने ती चादरीची गाठ दाताने सोडली आणि आत्याच्या अंगावर फेकली. "माज्या माणसाला जनावरागत बांदलास."

"जनावराला दया करून बांदत न्हाईत," आत्या म्हणाली. "आनि हे बग." तिने अप्पांचा डावा हात उचलून दाखवला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात मिलोचा एक दाणा होता. अव्वाने बघितलं नाही. मी बघितला. मी तो दाणा नीट बघितला, हे इथे लिहून ठेवते.

त्यानंतर आत्याने तिची मागणी मांडली, आणि खरं भांडण तिथे सुरू झालं. ती म्हणाली, एकटीने होत नाही. हात उघडा राहायचा तर दिवसातून चार वेळा बसायला हवं, आणि तिला कांड्याही भरायच्या असतात. "सुवर्णीला एक वरीस कालेजातनं काडा. मी शिकवते तिला. वर्सानं हात उगडंल, हातावर लिंग बसंल, मग जाऊ दे तिला कुटं जायाचं तितं." अव्वा माझ्या बाजूने उभी राहिली, पण माझ्यासाठी नव्हे, आत्याच्या विरुद्ध. अप्पा काहीतरी बोलले. त्यांचं जड जिभेचं बोलणं घरात फक्त आत्याला कळे, आणि हीसुद्धा अव्वाला डाचणारी गोष्ट होती. अव्वाने विचारलं, "काय म्हनले?" आत्या म्हणाली, "तुमी दोगी गप बसा म्हनला." तसं ते खरंच म्हणाले होते की नाही, देव जाणे.

गल्लीतल्या मुलींत मी एकटी कॉलेजात होते. इंग्रजी माझा नुसता विषय नव्हता, ते माझं शस्त्र होतं. रेशनकार्डावरची इंग्रजी अक्षरं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुणाच्या नोकरीचा अर्ज, सगळं माझ्याकडे येई. एक वर्ष घरी बसलेली मुलगी परत कॉलेजात जात नाही, तिचं लग्न होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

अव्वाने करकंबहून तिच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. मामा आले, गुळाची ढेप आणि उसाची मोळी घेऊन. धिप्पाड माणूस, बोलण्यात उगाच न्यायाधीशाचा आव. त्यांनी दोघींचं ऐकलं आणि निकाल असा दिला, की आपण अडाणी माणसं, अप्पांना मोठ्या दवाखान्यात दाखवू, डॉक्टर म्हणेल तसं. डॉक्टरने घरचं हे चालू ठेवा म्हटलं तर नागूबाई सांगतील तसं, पोरगी घरी. बंद करा म्हटलं तर नागूबाईंनी परत नवऱ्याच्या गावी जावं. "हाय का कबूल?" आत्या म्हणाली, "हाय." अव्वा म्हणाली, "हाय." मला कुणी विचारलं नाही.

टांग्यातून अप्पांना घेऊन मामा आणि मी गेलो. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, डोळे लाल झालेले. त्यांनी अप्पांचा डावा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली, आपली दोन बोटं त्यांच्या तळव्यात देऊन "दाबा" म्हणाले. अप्पांनी दाबली. डॉक्टरांनी "हं" केलं, एकदा माझ्याकडे बघितलं, कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "काय लिवलंय?" ओळीचा अर्थ होता, घरी चाललेली थेरपी तशीच चालू ठेवा. बाकीचे शब्द मला येत होते. थेरपी येत नव्हता. आज हसाल तुम्ही. आज कुत्र्यांचीही थेरपी असते, खरेदीचीही असते, माझी भाचेसून चॉकलेट खाल्लं तरी त्याला थेरपी म्हणते आणि माझं तोंड कडू होतं. तेव्हा आमच्या पेठेत हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. घरी काही तरी चालू ठेवायचं होतं, पण ते काय? गोळ्या? पथ्य? मी मामांना म्हटलं, एक शब्द कठीण आहे, उद्या कॉलेजात बघून सांगते. मामा खूश झाले. "बगा, शिकल्याचा उपेग."

कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळ उतरत्या लाकडी चौकटीवर एक शब्दकोश उघडा ठेवलेला असे. इतका जाड, की तो कुणी उचलत नसे, पानंच काय ती उलटत. त्यात शब्दाचा अर्थ असे आणि त्याच्यामागे कंसात बारीक अक्षरांत तो कुठून आला तेही असे. थेरपीपुढे लिहिलं होतं, रोगावर करायचा उपचार. एवढ्याने माझं भागलं असतं. उपचार म्हणजे काहीही होऊ शकतं. पण मी कंस वाचला. मला कंस वाचायची हौस होती, तीच मला नडली. शब्द ग्रीकांचा. थेरापेइया, म्हणजे सेवा, शुश्रूषा. त्याआधीचं क्रियापद, त्याचा अर्थ सेवेला हजर असणं, आजाऱ्याचं करणं. आणि त्याच्याही मागे थेरापोन, म्हणजे सेवक, जवळचा माणूस, जो दुसऱ्यासाठी खपतो. यंत्राचा, औषधाचा, डॉक्टरचा तिथे उल्लेख नव्हता. तिथे कुणीतरी कुणाच्या तरी उशाशी बसलेलं होतं, आणि त्याला करडईच्या तेलाचा वास येत होता.

पुढे मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या शब्दाच्या वाटेला पुन्हा पुन्हा जावं लागलं. ग्रीक लोक तेच क्रियापद म्हाताऱ्या आईबापांचं करण्यासाठी वापरत, शेताची मशागत करण्यासाठी वापरत आणि देवाची पूजा करण्यासाठीही वापरत, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. ज्या पुस्तकात ते वाचलं ते मी ग्रंथालयाला मुदतीआधी परत केलं. पण त्या दिवशी जेवढं वाचलं होतं तेवढंही पुरेसं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की नागूआत्या करते तेच करा. मला यात शंका नव्हती. अप्पांनी त्यांची बोटं दाबली होती, ती घरी कुणीतरी हात हलवून घेतं म्हणून, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मीच करते.

ग्रंथालयापासून घरापर्यंत मी चालत आले. लोक लिहितात की अशा वेळी डोकं सुन्न झालं. माझं सुन्न झालं नव्हतं, चांगलं चालत होतं. वाटेत मी वाक्य जुळवत होते, आणि एकदा शब्द बदलून ते जास्त खरं वाटेल असं केलं.

घरी सगळे बसले होते. मामा खुर्चीवर, अव्वा चौकटीला टेकून, अप्पा खाटेवर, आत्या रहाटापाशी. मी कागद उघडला. म्हणाले, "थेरपी म्हणजे यंत्राचा उपचार. विजेचा. विजेचे झटके देऊन हात मोकळा करतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. घरी काही करायचं नाही, घरचं थांबवा, शिरा दुखावतात, असं लिहिलंय."

आत्या उठली आणि माझ्याजवळ आली. तिला कुठल्याच भाषेत अक्षर येत नव्हतं. तिने कागदावर बोट ठेवलं. "एवडी एकच वळ हाय की."

"इंग्रजीत थोडक्यात लिहितात."

"तू लई बोललीस. ह्ये लई थोडं हाय."

"तुला येतं का वाचायला?"

"न्हाय येत," ती म्हणाली. "म्हनून तर तुला इचारतो आमी सगळी."

अव्वा म्हणाली, "झालं ना समाधान? दादा, ऐकलंसा?" मामांनी कागद घडी करून खिशात टाकला, तो करकंबला गेला आणि पुन्हा कुणी पाहिला नाही. अप्पा खाटेवरून काहीतरी बोलले. लांबलचक बोलले. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या अर्थ सांगेना. अव्वाने विचारलं, "काय म्हनले?" आत्या म्हणाली, "त्ये माज्यासाटी हाय," आणि ट्रंक भरायला आत गेली. अप्पा काय बोलले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळच्या एस.टी.ने ती गेली. जाताना अव्वा तिच्या पाया पडली नाही, थांबही म्हणाली नाही. आत्या माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "कालेज नीट कर. अर्दवट सोडू नको, न्हायतर ह्येबी फुकट जाईल." मला वाटलं टोमणा आहे. आता वाटतं तिला काहीतरी उमगलं होतं. पण असं वाटून घेण्यात माझी सोय आहे, म्हणून मी ते नक्की धरत नाही.

स्टेशनकडच्या बाजूला एकांकडे विजेचं यंत्र होतं. मामांनी तीन आठवडे तिथे न्यायची व्यवस्था केली. ओल्या पट्ट्या लावून बटण फिरवलं की अप्पांचा हात खाटेवर मासळीसारखा उडे आणि अप्पा घाबरून माझा पदर धरत, उजव्या हाताने. यंत्रवाले गृहस्थ सज्जन होते. दुसऱ्याच आठवड्यात ते अव्वाला म्हणाले, "नुसत्या याने भागणार नाही हो. घरी कुणी हात हलवून घेतं का?"

"न्हाय. मोट्या डाक्टरांनीच बंद करायला लावलंय."

"असं कोण सांगेल?" ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मला तेव्हा सांगता आलं असतं. आत्याला जाऊन दहाच दिवस झाले होते, हात अजून निम्मा उघडा होता. मी कॅलेंडर वाचलं.

त्यानंतर अव्वाने अप्पांना मनासारखं सुख दिलं. कुसकरून भाकरी-आमटी, तोंड पुसणं, गुंड्या, सगळं तिच्या हाताने. अप्पांचं रडणं थांबलं. घर शांत झालं. हाताची मूठ मिटत मिटत पूर्ण मिटली. पुढे पुढे नखं कापायलाही बोट सरकेना, तळव्याला वास यायला लागला, मग अव्वा पट्टीला औषध लावून बोटांच्या फटीतून आत सारत असे. लिंगपूजा वाटीतच चाले. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, नोकरीला लागले. दर पायरीवर घरी पेढे वाटले आणि अप्पांच्या तोंडात मी स्वतः पेढा घातला. ते माझ्याकडे प्रेमाने बघत. ते मला सगळ्यात जड जाई.

अप्पा गेले ते थंडीच्या दिवसांत, सकाळी. आमच्यात माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, मांडी घालून, आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग देतात. मठातून स्वामी आले. अंघोळ झाली, भस्म लावलं, मागाच्या खांबाला टेकवून बसवलं. मूठ उघडेना. दोन पुरुषांनी प्रयत्न केला, एकाने जोर लावला तेव्हा हाडाचा आवाज आला आणि अव्वा ओरडली. स्वामी म्हणाले, वस्त्रात बांधून हातावर ठेवू, देवाला सगळं कळतं. तेवढ्यात दारात नागूआत्या आली. निरोप तिला कुणी दिला ते माहीत नाही, मी दिला नव्हता. केस पांढरे झाले होते, बाकी तीच.

अव्वाने तिला वाट दिली नाही. "तूच मोडलास त्यो हात. पिळून पिळून मोडलास. आता हात लावू नको."

आत्या बाजूने आत आली, गरम पाणी मागितलं, कुणी देईना तेव्हा चुलीवरचं भांडं स्वतः उतरवून आणलं. अप्पांसमोर बसली आणि मूठ पाण्यात धरली. पाऊण तास बसली असेल. बाहेर लोक उभ्याने कंटाळले, कुणी तरी खोकलं, कुणी तरी वेळ विचारली. ती ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये मोजत होती. एकेक बोट उघडलं. तळव्यात चार काळे व्रण होते, नखांचे. स्वामींनी तिथे लिंग ठेवलं, आणि ते राहिलं.

माती देऊन आल्यावर मागच्या दारी दगडावर ती हात धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. डॉक्टरांनी काय लिहिलं होतं ते, थेरपीचा शब्दकोशात काय अर्थ होता ते, मी काय सांगितलं ते आणि का. ग्रीक शब्दसुद्धा सांगितले. ती राखेने नखं घासत राहिली.

"म्हंजी त्या लोकांत ह्येला शब्द हाय," ती म्हणाली.

"आहे."

"बरं हाय." तिने हातांवर पाणी ओतलं. "पर ह्ये माज्याफुडं कशाला वकतीस? माजं काय जायाचं ते गेलं. तुज्या अव्वाला सांग की. जनमभर मला शिव्या घालनार हाय ती. घालू दे, पर तुज्या वाटणीच्या बी तुला घालू दे."

"कार्य होऊ दे. मग सांगते."

"सांग," ती म्हणाली. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. दोन वर्षांनी तीही वारली. मी तिच्या मातीला गेले नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

कार्य झालं. अव्वा खचलेली होती, म्हटलं जरा सावरू दे. सावरली, म्हटलं आता कशाला खपली काढायची. मग मी तिला माझ्याकडे राहायला आणलं, आणि एका घरात राहून रोज बोलता येण्यासारखी गोष्ट कधीच बोलता येत नाही. ती नव्वदीला टेकून गेल्या वर्षी गेली. शेवटची चार वर्षं खाटेवर होती. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भांडं काढणं मी केलं, आणि नातेवाईक म्हणाले, लेकीने सेवा केली हो. ती कुशीवर वळली की आल्यागेल्याला तीच एक कथा सांगे. आमचं माणूस बरं झालं असतं, पण नणंद होती एक कैदाशीण, तिने हात पिळून घालवला, डॉक्टरने लिहूनसुद्धा दिलं होतं. मग मान वळवून माझ्याकडे बघे. "व्हय का न्हाय गं, सुवर्णे? तूच वाचलंवतंस की."

पाहुण्यांच्या हातात चहाचा कप असे. माझ्या हातात तिचं औषध असे.

"व्हय, अव्वा," मी म्हणत असे, आणि चमचा तिच्या तोंडाला लावत असे.